पंधरा तासांचें गणित

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरचें कोणी ना कोणी आज परदेशीं आहे. म्हणून आमच्या हातून झालेली एक चूक येथें सांगून टाकतों.

गेल्या वैशाखांत आमच्या ज्येष्ठ बंधूंस पहाटे देवाज्ञा झाली. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत न्यू जर्सी येथें असतात. सकाळीं ७ वाजतां त्यांस दूरध्वनि केला. “काका, मी निघतों. न्यूअर्कहून मुंबईस विमानाला १५ तास लागतात,” एवढेंच ते बोलूं शकले. देह किती वेळ ठेवावयाचा, हा प्रश्न होता आणि सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं जन्मभर मुलांस त्रैराशिक शिकविलेलें! सातांत पंधरा मिळविले, म्हणजे रात्रीचे १०. मुंबईहून शिरवळ सुमारें २०० किलोमीटर, त्यास विमानतळावरील वेळ धरून ६ तास. एकूण दुसरे दिवशीं पहाटे ४. बर्फाच्या लाद्या आणविल्या.

१५ तासांचा आंकडा खोटा नव्हता. शाळेंतील पृथ्वीच्या गोलावर न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंत दोरा ताणून धरावा. तो अरबी समुद्राकडून न येतां ग्रीनलंडचें दक्षिण टोक व आइसलंड यांवरून येतो. ही वाट सुमारें १२,५०० किलोमीटर भरते. इकडून जातांना वारा समोरचा, म्हणून तास-दीड तास अधिक. १९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचें पहिलें विमान मुंबईहून लंडनास निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें उतरत गेलें होतें. आतां मध्यें कोठेंही न थांबतां अमेरिका गांठतात.

चुकलें तें निराळेंच. उन्हाळ्यांत आपलें घड्याळ तेथल्याहून साडेनऊ तास पुढें असतें. आमच्या सकाळच्या ७ वाजतां तेथें आदल्या रात्रीचे साडेनऊ झाले होते, आणि त्यांचें विमान रात्रीं ९ चें. तें सुटून गेलें होतें. पुढचें दुसरे रात्रीं! भास्कराचार्यांच्या ग्रंथांत देशांतर शिकलेले आम्ही, पंचांगांतील सूर्योदयास रेखांतराचा संस्कार केल्यावांचून संध्येची वेळ न धरणारे. पण विमान सुटतें केव्हां, हें विचारावयाचें सुचलें नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं ६ वाजतां निरोप आला, “आतां विमानांत बसतों.” लाद्या विरघळत होत्या. वैशाखाचें ऊन. पुणें अवघें ५० किलोमीटर. पूर्ण हिशेब आदल्या दिवशींच हातीं असता, तर देह तेथें शीतगृहांत ठेवितां आला असता. आतां तो हलविण्यास वहिनींचें मन होईना. दुपारीं धाकट्या पुतण्यानें अग्नि दिला.

तिसरे दिवशीं पहाटे ४ वाजतां मोटार नीरेचा पूल ओलांडून आली. आम्ही ओसरीवरच बसलों होतों. “काका, विमानाची वेळ मींच सांगावयास हवी होती,” ते म्हणाले. आम्हांस उत्तर देववेना.

सकाळीं त्यांस अस्थिसंचयनास घेऊन गेलों. परत आल्यावर पंचांगाच्या पुठ्ठ्यावर आम्हीं लिहून ठेविलें : विमान सुटण्याची वेळ, तेथली व येथली, विमानांत १५ तास, घरापासून घरापर्यंत ४५, आणि त्याखालीं पुण्यांतील शीतगृहाचा दूरध्वनिक्रमांक.