मालिशची खोली कोणाच्या मापाने लावायची?

मुंबईहून मांडव्याला उतरलेला पाहुणा थोड्याच वेळात किहीमच्या सुरूच्या बनात पोचतो. २०२० पासून तर रो-रो बोटीने गाडीसकट येतो. त्याच्यासाठी किनाऱ्यावर बंगले झाले, रिसॉर्ट झाली, मागोमाग मालिशच्या खोल्या आल्या. अशी एखादी खोली आपणच का चालवू नये, असे इथल्या बचत गटातल्या बायकांच्या मनात येणे साहजिक आहे. काम तर पिढ्यान् पिढ्या बायकाच करत आल्या. मात्र खोली सजवायची म्हटले की आपणही पाहुण्याच्या डोळ्यांनी बघू लागतो: मंद दिवा, मेणबत्त्या, बुद्धाचे मस्तक, पाठ उघडी टाकून पहुडलेल्या गोऱ्या बाईचे चित्र. पाहुणा या खोलीत तासभर असतो, काम करणारी बाई दिवसभर. म्हणून खोली आधी तिच्या मापाने लावावी, असे माझे मत आहे.

आपल्या घरांतून बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला बाई येते. तिचे सामान किती? एक पाट, तेलाची वाटी, शेकाची शेगडी. पाय पसरून नडग्यांवर बाळ घ्यायचे, मग चटईवर निजलेल्या बाळंतिणीची पाठ वाकून रगडायची. दिवसाकाठी चार घरे फिरून तिच्या स्वतःच्या कमरेचे काय होते, हे आपण कधी विचारले? तिच्या हातातल्या ज्ञानाला कसब म्हटले नाही, आणि शेवटी साडी-नारळ देऊन मोकळे झालो. तेच काम इंग्रजी नावाने विकले जाते तेव्हा त्याची किंमत हजारांत जाते. त्यातले बाईच्या हातात किती पडतात, हा प्रश्न वेगळाच.

तर पहिली वस्तू टेबल. बाईने शेजारी ताठ उभे राहून हात सरळ खाली सोडले की मुठीची हाडे टेबलाला टेकावीत, ही उंचीची साधी खूण. त्याहून ठेंगणे असले की कंबर जाते, उंच असले की खांदे. गटातल्या बायका सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून पाय कमीजास्त करता येणारे टेबलच घ्यावे. पडदे-मूर्तींचे पैसे वाचवून घ्यावे. शेजारी एक स्टूल हवेच. डोके-मान चोळताना, पायांची मालिश करताना बसून काम होते. केरळात दुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी लढा दिला, तेव्हा कुठे २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्या स्वतःच्या खोलीत तरी त्यासाठी लढावे लागू नये.

जमीन गुळगुळीत नको. तेल सांडले की पाय घसरतो तो बाईचाच. किहीमच्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळे-बिजागऱ्या गंजतात, पावसाळ्यात गादीला बुरशी धरते. जाड मखमली पडदे आणि गालिचे इथे शोभेपेक्षा वासच जास्त देतील. धुता येणारे सुती पडदे बरे. तेलकट टॉवेल गरम पाण्याने नीट धुवावेत, आणि सुकवून गरम असतानाच गठ्ठा करून ठेवू नयेत. ते आतल्या आत तापून पेटू शकतात.

आता दाराचे. दिल्लीत २०२१ साली मसाज केंद्रांसाठी नियम निघाले. त्यांत पुरुषाने बाईची वा बाईने पुरुषाची मालिश करण्यावरच बंदी होती. उच्च न्यायालयाने त्या बंदीला डिसेंबर २०२१ मध्ये स्थगिती दिली. त्याच नियमांत दाराला आतून कडी नको, असेही होते. बंदी मला मान्य नाही, कारण तीत बाईचा रोजगार जातो आणि संशय तिच्यावरच राहतो. कडीचे मात्र पटते. आपोआप लोटले जाणारे दार, आत आडपडदा, हवेसाठी उंचावर झडपांची खिडकी, म्हणजे पाहुण्याची अब्रूही राहते. मोठ्या दिव्याचे बटण आणि बाहेर वाजणारी घंटा बाईच्या हाताशी हवी. उघड्या पाठीचे ते चित्र तर नकोच. इथे काय मिळते याबद्दल ते पाहुण्याला भलतेच सांगते, आणि छापा पडला की तोंड झाकून उभी राहते ती कामाला असलेली बाई.

भिंतीवर काही लावायचेच तर दरपत्रक लावा, आणि २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याची माहिती. हा कायदा कामाच्या जागी येणाऱ्या गिऱ्हाइकापासूनही बाईला संरक्षण देण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करायची असते. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग, म्हणजे किहीमहून फार लांब नाही. समितीचा पत्ता आधीच विचारून त्या कागदावर लिहून ठेवावा.

आणखी एक. पावसात लाटा उसळल्या की लाँच बंद होतात, पाहुणा आटतो. त्या महिन्यांत हेच टेबल मासळीच्या पाट्या वाहून मान आखडलेल्या कोळणींसाठी, लावणी करून आलेल्या शेतकरणींसाठी कमी दरात का उघडू नये? त्यांना वर चढायला एक लाकडी पायरी मात्र ठेवावी लागेल.