दाणे टाकण्याआधी बघा

अंगणात, गॅलरीत, सोसायटीच्या बागेत पक्षी यावेत असं वाटणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. दाण्यांची पिशवी आणण्याआधी काही दिवस नुसतं बघा. उजाडल्यानंतरच्या तासाभरात पक्ष्यांची लगबग सर्वांत जास्त असते. त्यातली पंधरा मिनिटं एका जागी, फार हालचाल न करता बसा. दुर्बीण नसली तरी चालेल.

कोण आलं, एवढ्यावर थांबू नका. कशासाठी आलं, ते बघा. शिंजीर जास्वंदीवर, अडुळशावर मधासाठी येतो. बुलबुल कढीपत्त्याची पिकली फळं खातो. तांबटाला उंबर लागतो. शिंपी पानाखालचे किडे शोधतो आणि दयाळ पाचोळ्यात उतरून किडे टिपतो. यातलं कुणीही तुमच्या तांदळासाठी आलेलं नाही. शहरात दाणे पसरले की जमतात ते मुख्यतः पारवे, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे जाऊन फुप्फुसाचे आजार होऊ शकतात.

खरी गरज आहे किड्यांची. शिंजीर मध पितो, चिमणी दाणे खाते, पण पिलांना दोघंही किडे, अळ्या भरवतात. म्हणून लिंबाच्या पानावर अळी दिसली की लगेच औषध फवारू नका. चार पानं तिला खाऊ द्या. पाचोळा जाळू नका, झाडांच्या बुंध्याशी पसरा.

पाणी मात्र जरूर ठेवा. मातीचं पसरट, उथळ भांडं घ्या, रोज घासा, पाणी बदला. मांजराला दबा धरता येईल अशा आडोशापासून ते दूर असू द्या.

घरटं सापडलं तर लांबूनच बघा. बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच पिलं घरटं सोडतात. तेवढे दिवस कुंडी हलवू नका, फांदी छाटू नका. फोटोसाठी पानं बाजूला केलीत तर कावळ्यालाही घरटं दिसतं. पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं, तर त्याचे आईबाप बहुधा जवळपासच असतात. त्याला घरी नेऊ नका. मांजराचं भय असेल तर जवळच्या झुडपात ठेवा. आणि हौस म्हणून पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे मुलांनाही सांगा.

आता शेवटचं आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं: एक वही करा. तारीख, वेळ, पक्षी कोणता, काय करत होता, एवढं लिहा. नाव ठाऊक नसेल तर आकार, चोच, शेपटी, रंग टिपून ठेवा. वर्षभरात ही वही बोलायला लागेल. पावसाळा सरताना धोबी आला आणि उन्हाळ्याआधी निघून गेला, हे दिसेल. विणीच्या काळात गर्द जांभळा चमकणारा शिंजिराचा नर नंतर फिका पिवळा होतो आणि गळ्यावर काळा पट्टा तेवढा उरतो, हे कळेल. सातभाई एखाद्या परक्या पिलाला भरवताना दिसले, तर ते पिल्लू ‘पेरते व्हा’ म्हणणाऱ्या पावशाचं असू शकतं.

सुरुवातीला निमित्त हवं असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रातला पक्षी सप्ताह आहे. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. त्या चार दिवसांत गॅलरीत बसून केलेली पंधरा मिनिटांची नोंदही चालते.

पूर्वीइतके पक्षी राहिले नाहीत, असं आपण सगळेच म्हणतो. पण आपल्या गल्लीत कोण येईनासं झालं आणि केव्हापासून, हे सांगायला कुणाकडे तरी नोंद हवी. ती तुमच्याकडे असू द्या.