पुन्हा मटकीच!

काही वाक्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, पण ते प्रश्न नसतात. 'आलात का एकदाचे?' हे त्यांतलं एक. 'आज पुन्हा मटकीच?' हे दुसरं. असं विचारणारा उत्तराची वाट पाहत नाही. खटला त्यानं मनातल्या मनात चालवलेला असतो, साक्षीपुरावे झालेले असतात आणि पानावर बसता बसता तो फक्त निकाल वाचून दाखवतो. आरोपी हातात उलथनं घेऊन ओट्याशी उभी असते. तिचं वकीलपत्र घ्यायला सहसा कुणी पुढे येत नाही, म्हणून आज मीच घेते.

हकीकत थोडक्यात अशी. शुक्रवारी रात्री अर्धा किलो मटकी भिजत घालायची. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची. रविवारी सकाळी मोड फडक्यातून डोकावू लागतात. मग भरपूर पाण्यात हळद-मीठ घालून ती बोटचेपी होईल इतपतच शिजवायची. (बोटचेपं धोरण चांगलं ठरतं अशी जगात ही एकच जागा.) मसाल्याला मात्र अजून हात लावायचा नाही. एकदा गोडा मसाला पडला की मटकीची उसळ झाली, तिला मग जन्मभर दुसरं काही होता येत नाही. साधी शिजवलेली मटकी मॅट्रिक पास झालेल्या मुलासारखी असते. पुढचे सगळे रस्ते मोकळे.

रविवारी रात्री तिच्या पाण्याचं कळण करायचं. थोडं ताक आणि वरून लसूण-जिऱ्याची फोडणी. सोमवारी आमसूल, गूळ, ओलं खोबरं घालून उसळ. मंगळवारी गाजर, फरसबी घालून मटकीभात. बुधवारी उरलीसुरली मटकी ठेचून भाजणीत, सोबत मूठभर मेथी आणि कांदा, आणि तव्यावर थालीपीठ. बुधवारी रात्री डबा घासायला पडतो. चार संध्याकाळी, चार पदार्थ, चार चवी. एक पातळ, एक रसदार, एक मोकळा, एक खमंग. आणि तरी निकाल काय? तर 'पुन्हा मटकीच!'

अहो, शंभराची नोट मोडून आपण चार दुकानांत खर्च केली, तर चौथा दुकानदार 'पुन्हा तीच नोट?' असं म्हणतो का? मटकीला मोड आणतात ते खर्चायलाच!

फिर्यादी पक्षाचा पहिला मुद्दा असतो शिळेपणाचा. 'रविवारी शिजवलेलं बुधवारी खायचं म्हणजे शिळंच की!' हे सांगणारे गृहस्थ शनिवारी सहकुटुंब हॉटेलात जातात. बऱ्याच हॉटेलांत कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही आधीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलेली असते. ती पनीरवर पडली की एक नाव, कोबी-फ्लॉवरवर पडली की दुसरं, कोफ्त्यावर पडली की तिसरं. आमचे हे तिन्ही मागवतात, तिन्हींत पोळी बुडवतात आणि म्हणतात, "वा! इथे व्हरायटी चांगली असते." त्या स्वयंपाक्याला व्हरायटीचं श्रेय आणि वर टिप. तीच युक्ती घरी केली की कंजुषी.

हॉटेल कशाला, होळीच्या दिवशीचं आपलं स्वतःचं पान पाहा. हरभऱ्याची डाळ एकदाच शिजते. डाळीचं पुरण होतं, वरच्या पाण्याची कटाची आमटी होते, आणि एकाच पातेल्यातून निघालेले हे दोन पदार्थ एकाच पानात, एकाच वेळी शेजारी शेजारी येऊन बसतात. एवढ्या वर्षांत कुणी म्हटलंय, 'हे काय, पोळीत डाळ आणि आमटीतही डाळच?' उलट चौथ्या वाटीला आमटीचं पातेलं वाकडं करायला लावतात. म्हणजे सणाला जी परंपरा, ती मंगळवारी काटकसर!

शिळेपणाची खरी भीती असेल, तर तिचेही नियम आहेत आणि ते मला पाठ आहेत. शिजवलेली मटकी उन्हाळ्याच्या दिवसांत ओट्यावर दुपारभर ठेवायची नाही. वाफ गेली की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दर दिवसाचा डबा वेगळा, म्हणजे रोज रोज सगळं बाहेर काढून परत आत ढकलायला नको. खाताना नुसती कोमट करायची नाही, चांगली उकळी आणायची. आणि तीन-चार दिवसांपलीकडे मोह धरायचा नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेली बासुंदी सकाळी वाटी लावून संपवणाऱ्यांनी आम्हांला शिळेपणावर प्रवचन द्यावं, हे जरा जास्तच होतं.

दुसरा मुद्दा प्रकृतीचा. 'आहारात विविधता हवी, डॉक्टर सांगतात.' हवीच. पण विविधता म्हणजे रोज नवं पातेलं, असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं? कडधान्यात जे प्रथिन कमी पडतं ते धान्य भरून काढतं, आणि धान्यात जे कमी ते कडधान्य. म्हणून मटकीजवळ एक दिवस भाकरी, एक दिवस भात, एक दिवस भाजणी. मोड आले की 'क' जीवनसत्त्व वाढतं. भाजी रोज बदलते, कोशिंबीर रोज बदलते. घर तेच असतं, पाहुणे रोज नवे येतात. विविधता ती हीच. आणि जिथे रोज नव्यानं पहिल्यापासून सुरुवात करायची असते, तिथे गुरुवारपर्यंत कमरेचे टाके ढिले होतात आणि शुक्रवारी फोन करून मैद्याचं काहीतरी खोक्यातून मागवलं जातं. प्रकृतीचा घात तिथे होतो, मटकीत नव्हे.

आता गंमत ऐका. हाच उद्योग इंग्रजीत केला की त्याला 'मील प्रेप' म्हणतात. आमच्या चिरंजीवांनी परवा मोबाइलवर तसला एक व्हिडिओ दाखवला. एक दणकट तरुण रविवारी दुपारी काचेचे पाच डबे मांडून पाचांतही तोच भात, तीच कोंबडी आणि तोच ब्रोकोली भरत होता. पाच दिवस तेच, फोडणीसुद्धा न बदलता! "आई, बघ, किती डिसिप्लिन आहे त्याला," चिरंजीव म्हणाले. मी म्हटलं, "अरे, तुझ्या आजीनं हेच केलं, आणि वर रोज चवही बदलली. पण तिचे डबे जर्मनचे होते ना, म्हणून तुला डिसिप्लिन दिसली नाही."

इथवर थट्टा झाली. आता मूळ मुद्दा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि पुरुष ९७. तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांचा हा हिशेब, आणि ते निघाले चारांत एक. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एकच मिनिट कमी. ते एक मिनिट 'पुन्हा मटकीच?' ऐकण्यात जात असावं.

रोज नवा पदार्थ हवा, ही मागणी जिभेची वाटते. पण ती वसूल होते दुसऱ्याच्या पायांतून. सहा चाळीसच्या लोकलमधून उतरलेल्या बाईला पाऊण तास बसता यावं, मुलाची वही पाहता यावी, निदान चहा गरम असताना पिता यावा, एवढ्यासाठी तिनं रविवारी ते पातेलं चढवलेलं असतं. तिनं मटकी पुरवली नाही हो, तिनं संध्याकाळ पुरवली. 'पुन्हा मटकीच?' म्हणणारा तिच्याकडून तेवढीच काढून घ्यायला बघतो, आणि ती गेल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही.

म्हणून आमच्या घरी आता एक कायदा झाला आहे. त्यावर अपील नाही. मटकी शिजवून देण्याची जबाबदारी माझी. ज्याच्या तोंडून 'पुन्हा' हा शब्द निघेल, त्या दिवशीची फोडणी त्याची. मसाल्याचा डबा गॅसच्या डाव्या हाताला आहे. तेल चांगलं तापू द्यावं, मोहरी पूर्ण तडतडू द्यावी, मगच हिंग घालावा, आणि झाकण हाताशी ठेवावं. डोळ्यांत गेलं, तर ओरडू नये. शेजारी चहा पीत बसलेल्या माणसाला त्रास होतो.