बाटलीत नक्की काय आहे, बॉस?

एक काम करा. ऑफिसच्या मागच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मेलमध्ये शोधा. हो, तोच, ज्यातलं कोलेस्टेरॉल बघून तुम्ही चार दिवस वडापाव सोडला होता! त्यात 'एचबीएवनसी' नावाची एक ओळ असेल. आकड्याच्या खाली बारीक टायपात टेस्टची पद्धत छापलेली असते. बऱ्याच रिपोर्टांत तिथे चारच अक्षरं दिसतील : एचपीएलसी.

आता डेस्कचा खालचा ड्रॉवर उघडा. अश्वगंधाच्या कॅप्सूल्स, कुठला तरी स्लिमिंग टी, मावशीने प्रेमाने दिलेली गुळवेलीची पावडर. सगळ्यांवर हिरवं पान आणि '१०० टक्के नॅचरल'. साइड इफेक्ट? छे, काहीतरीच काय!

गंमत म्हणजे, ज्या जातीचं मशीन तुमच्या रक्तातल्या साखरेचा हिशेब लावतं, त्याच जातीचं मशीन ही बाटलीसुद्धा वाचू शकतं. पण रक्ताचा रिपोर्ट आपण दशांश चिन्हापर्यंत वाचतो आणि बाटलीचाही रिपोर्ट असू शकतो, हे आपल्या गावीही नसतं. या आठवड्याचा विषय हाच.

रानडे रोडचा फंडा

एचपीएलसी हे क्रोमॅटोग्राफीचं आजचं रूप. मूळ आयडिया मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतीशास्त्रज्ञाची. पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून सोडला, तर त्यातले हिरवे-पिवळे रंग वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटे होतात, हे त्याने १९०३मध्ये वॉर्सात मांडलं. म्हणजे या तंत्राचा जन्मच झाडाच्या पानातून झालाय!

मला स्वतःला हे कळलं ते दादरमुळे. समजा, एकाच लोकलमधून शंभर जण दादरला उतरले आणि रानडे रोडने शिवाजी पार्ककडे निघाले. ज्यांना खरेदीत इंटरेस्ट नाही, ते सरळ चालत सगळ्यात आधी पोचणार. जे प्रत्येक स्टॉलवर 'भैया, ये कितने का' करत थांबणार, ते शेवटी. तुम्ही पलीकडच्या टोकाला घड्याळ घेऊन उभे राहिलात तर कोण कधी आलं, यावरून कोण कुठल्या टाइपचा हे ओळखू शकता. आणि किती आले, हे मोजूही शकता.

एचपीएलसीत रानडे रोडच्या जागी असते वीतभर लांबीची स्टीलची नळी. तिच्यात केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक कण ठासून भरलेले असतात. औषधाचा अर्क पंपाच्या जबरदस्त दाबाने त्यातून ढकलतात. कुठलं रसायन त्या कणांना जास्त चिकटतं, कुठलं कमी. दुसऱ्या टोकाला डिटेक्टर बसलेला. एकेक रसायन बाहेर पडलं की ग्राफवर एकेक टोक उठतं. टोक किती मिनिटांनी आलं, यावरून ते रसायन काय असावं हे कळतं. टोकाखालचं क्षेत्रफळ किती, यावरून त्याचं प्रमाण. अर्थात, शेजारी तेच रसायन शुद्ध स्वरूपात चालवून ताळा करायचा.

एचबीएवनसीतही फंडा तोच, फक्त गर्दी हिमोग्लोबिनची. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते. चिकटलेलं आणि न चिकटलेलं नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची कुंडली सांगतो. ६.५ टक्के किंवा वर म्हणजे डायबिटीस. चेकअपच्या आदल्या दिवशी गोड बंद करून या टेस्टला गंडवता येत नाही, सॉरी!

असा शरीराने दिलेला, मोजता येणारा पुरावा म्हणजे बायोमार्कर. तुमच्या रिपोर्टातलं 'एसजीपीटी' हाही बायोमार्करच. हे एन्झाइम लिव्हरच्या पेशींत असतं. पेशींना इजा झाली की ते रक्तात गळतं आणि आकडा वर जातो. गळती झाली एवढं तो सांगतो, पण कोणामुळे झाली ते नाही सांगत. पुढचा सगळा घोळ इथेच सुरू होतो.

गुळवेल, मुंबई, २०२०

२०२० आठवतंय? घराघरात काढा उकळत होता. सोसायटीच्या कंपाउंडवरची गुळवेल एका रात्रीत सेलिब्रिटी झाली होती. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे सहा पेशंट आले. सगळ्यांच्या लिव्हरला इजा झालेली आणि सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. २०२१मध्ये डॉक्टरांनी हे एका वैद्यकीय जर्नलमध्ये छापलं आणि जोरदार वाद पेटला.

आयुष मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला. भाषा कडक होती, पण त्यातला एक मुद्दा अगदी रास्त होता : पेशंटनी जे खाल्लं त्याचं पृथक्करण केलंय का? ती खरंच गुळवेल होती कशावरून? कारण गुळवेलीला चुलत भावंडं आहेत. आपली औषधी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेगळी वेल, तिच्या खोडावर बारीक बारीक गाठी असतात. वेल समोर असेल तर जाणकार माणूस फरक सांगेल. पण एकदा वाळवून, कुटून, पुडीत भरल्यावर? तेव्हा डोळ्यांचा उपयोग संपतो आणि मशीनची ड्यूटी सुरू होते. क्रिस्पामध्ये बोरापेटोसाइड नावाच्या गटातली रसायनं असतात, कॉर्डिफोलियात टिनोकॉर्डिसाइड. ग्राफवर कुठली टोकं उठतात ते बघायचं, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

पुढे देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ पेशंटचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. या वेळी पेशंटकडून मिळवलेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही केलेली होती आणि त्यात अस्सल कॉर्डिफोलियाही सापडली. म्हणजे 'चुकीची वेल खाल्ली असेल' हे उत्तर सगळ्यांना लागू पडेना. बायॉप्सी झालेल्या बऱ्याच पेशंटमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्यासारखं चित्र होतं. 'इम्युनिटी बूस्टर' या शब्दाकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेने बघते.

याचा अर्थ गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाचं लिव्हर जाणार असा नाही. लाखो लोकांनी ती घेतली आणि त्यांना काही झालं नाही. मुद्दा वेगळा आहे. बाटलीत काय आहे आणि रक्तात काय झालं, ही दोन्ही टोकं मोजल्याशिवाय यातलं काहीच ठरवता येत नाही. एकच टोक हातात असेल तर उरतो फक्त वाद.

ब्रसेल्सचा स्लिमिंग प्रोग्रॅम

दोन्ही टोकं जोडली गेली की काय होतं, याची सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट बेल्जियमची आहे. तीही वजन कमी करण्याची, म्हणजे आपल्या जिव्हाळ्याचीच.

ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकच्या स्लिमिंग कॅप्सूल्समध्ये १९९०पासून काही चिनी वनस्पती घालायला सुरुवात झाली. दोनेक वर्षांत तरुण, धडधाकट बायकांच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या. १९९३मध्ये डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध केलं. मग पावडरची तपासणी झाली. कॅप्सूलमध्ये असायला हवी होती स्टेफानिया नावाची वनस्पती. चिनीत तिला 'फांग जी' म्हणतात. 'ग्वांग फांग जी' नावाची दुसरीच एक वनस्पती आहे, अ‍ॅरिस्टोलोकिया. नावात एका शब्दाचा फरक, पण दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड असतं, किडनीचा शत्रू. पावडरमध्ये सापडलं तेच. पेशंटची संख्या शंभराच्या वर गेली. पुढे यातल्या ज्या ३९ जणांनी निकामी किडन्या काढून टाकल्या, त्यांतल्या १८ जणांना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाल्याचं दिसलं. हा रिपोर्ट २०००मध्ये आला.

आता यातला खरा 'सीआयडी' भाग. हे अ‍ॅसिड शरीरात गेलं की त्याचा तुकडा डीएनएला चिकटतो आणि वर्षानुवर्षं तिथे राहतो. गोळ्या संपतात, रिकामी बाटली कचऱ्यात जाते, पण किडनीच्या पेशीत सही शिल्लक राहते. ही सही शोधायला मास स्पेक्ट्रोमीटर वापरतात. तो रेणूंचं वजन करतो आणि त्यांचे तुकडे पाडून त्या तुकड्यांचंही वजन करतो. बोटांचे ठसे जुळवावेत, तसं.

याच सहीने आणखी एक जुनं कोडं सुटलं. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या बाल्कन खेड्यांत किडनीचा एक विचित्र आजार १९५०च्या दशकापासून नोंदलेला होता. कारण सापडत नव्हतं. २००७मध्ये संशोधकांना तिथल्या पेशंटच्या किडन्यांत अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिडची तीच सही मिळाली. तिथे अ‍ॅरिस्टोलोकियाची एक जात गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवते. तिच्या बिया गव्हात मिसळून पावात गेल्या. पाव! याहून नॅचरल काय असणार?

लेबलवर नसलेले पाहुणे

काही वेळा प्रश्न वनस्पतीचा नसतोच. मास स्पेक्ट्रोमीटर लेबलवर न छापलेल्या गोष्टीही पकडतो. 'हर्बल' स्लिमिंग गोळ्यांत सिबुट्रामिन सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या एफडीएने वेळोवेळी दिले आहेत. हे भूक मारणारं अ‍ॅलोपॅथिक औषध. हार्ट अ‍ॅटॅक आणि स्ट्रोकच्या धोक्यामुळे २०१०मध्ये अमेरिका-युरोपच्या बाजारातून ते मागे घेतलं गेलं. तेव्हा एखाद्या हर्बल गोळीने आठवड्यात चमत्कार केला, तर श्रेय हिरव्या पानाला देण्याआधी थोडं थांबा.

तसंच जड धातूंचं. २००४मध्ये बोस्टन परिसरातल्या दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. यासाठी वेगळं मशीन, आयसीपी-एमएस. त्यात सूर्याच्या पृष्ठभागाहूनही तापलेल्या प्लाझ्मात नमुना फवारून धातूचे अणू मोजतात. वनौषधींसाठी आपल्या आयुर्वेदिक फार्माकोपियात मर्यादाही ठरलेल्या आहेत : शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. नियम आहेत. ते आपल्या हातातल्या बॅचने पाळलेत का, हे विचारायची सवय आपल्याला नाही.

आयुर्वेद विरुद्ध मशीन? नाही हो!

हे वाचून कोणाला वाटेल, ही बाई आयुर्वेदाच्या मागे लागलीय. उलट आहे. सर्पगंधा बघा. मुंबईचे हार्ट स्पेशालिस्ट डॉ. रुस्तम जाल वकील यांनी हाय ब्लडप्रेशरच्या पेशंटवरचे सर्पगंधाचे परिणाम १९४९मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले आणि जगाचं लक्ष या झुडपाकडे गेलं. १९५२मध्ये सिबा या स्विस कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसर्पिन वेगळं केलं. मग डोस 'चिमूटभर'वरून मिलिग्रॅमवर आला. जास्त डोसने काय बिघडतं, तेही कळलं. मोजल्यामुळे सर्पगंधाची किंमत कमी झाली नाही, ती जगभर पोचली.

मशीनलाही मर्यादा आहेत. अमुक टक्के विथानोलाइड्स आहेत, हे ते सांगेल. त्याने तुम्हाला झोप लागेल का, हे नाही सांगणार. त्यासाठी माणसांवरच्या चाचण्याच लागतात. आणि एकच झाड पावसाळ्यात वेगळं, उन्हाळ्यात वेगळं, मुळात वेगळं, पानात वेगळं. म्हणून एका बॅचचा रिपोर्ट दुसऱ्या बॅचला चालत नाही.

मग करायचं काय?

• डॉक्टर विचारतात, 'काही औषधं चालू आहेत?' तेव्हा काढा, चूर्ण, कॅप्सूल, सगळं सांगा. 'ते काय औषध थोडंच आहे' हे उत्तर बाद.

• लेबलवर वनस्पतीचं लॅटिन नाव, कुठला भाग वापरलाय आणि किती मिलिग्रॅम, हे तिन्ही बघा. नुसतं हिरवं पान म्हणजे माहिती नव्हे.

• कंपनीला मेल टाका आणि तुमच्या बॅच नंबरचं अ‍ॅनालिसिस सर्टिफिकेट मागा. त्यात मुख्य घटकाचं प्रमाण आणि जड धातूंचे आकडे हवेत. उत्तर आलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

• डोळे पिवळे, लघवी गडद, सारखी मळमळ, विचित्र थकवा : असं काही झालं तर ते घेणं थांबवा, लगेच डॉक्टरांकडे जा. आणि बाटली फेकू नका, सोबत न्या. एसजीपीटी काय झालं ते सांगेल, पण कशामुळे, ते शोधायला बाटलीच लागेल.

ओला बुक करताना आपण गाडीचा नंबर जुळवून बघतो, ड्रायव्हरचं रेटिंगही बघतो. रोज सकाळी अनशापोटी जे घेतो, त्याचा निदान बॅच नंबर तरी बघू या!