तळहातांच्या घामासाठी ऑपरेशन? वऱ्हाडात राहत असाल तर आधी हे वाचा

पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवावा लागतो, मोबाईलची स्क्रीन ओली होते, कुणी हात पुढे केला तर तुम्ही नमस्कारावर भागवता. तळहातांना अति घाम येणाऱ्यांना हे सारे ओळखीचे आहे. हा घाबरटपणा नाही आणि अंगातली 'उष्णता'ही नाही. घामग्रंथींना चालना देणारे मज्जातंतू गरजेपेक्षा जास्त काम करतात, इतकेच. हा त्रास बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही हातांना असतो आणि झोपेत थांबतो.

"लग्न ठरायच्या आत एकदाचे ऑपरेशन करून टाकू," असे अनेक पालकांना वाटते. माझे मत स्पष्ट आहे: अकोला-अमरावतीकडे राहणाऱ्यांनी ऑपरेशन हा शेवटचा उपाय मानावा.

या शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून छातीतील सिम्पथेटिक मज्जातंतू कापतात किंवा त्यावर क्लिप लावतात. हात लगेच कोरडे होतात, हे खरे. पण नंतर पुष्कळांना पाठ, पोट, मांड्यांवर जास्त घाम येऊ लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात ही अदलाबदल महागात पडू शकते, आणि कापलेला मज्जातंतू पूर्ववत करण्याचा खात्रीचा उपाय नाही. तैवानने तर २००४ मध्ये २० वर्षांखालील रुग्णांसाठी या शस्त्रक्रियेवर बंदी घातली.

मग आधी काय करावे?

१. अ‍ॅल्युमिनियम क्लोराईडचे २० टक्क्यांपर्यंतचे द्रावण: रात्री पूर्ण कोरड्या हातांना लावा, सकाळी धुवा. आग झाली तर एक दिवसाआड लावा.

२. आयंटोफोरेसिस: पाण्यात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देतात. सुरुवातीला आठवड्यातून ३-४ वेळा, २०-३० मिनिटे. पुढे अंतर वाढवता येते. गर्भवती, पेसमेकर असलेले आणि फिट येणारे रुग्ण यांनी टाळावे.

३. बोटॉक्स: परिणाम साधारण ४ ते ६ महिने टिकतो. इंजेक्शने दुखतात, खर्च जास्त असतो, बोटांची पकड काही दिवस सैल पडू शकते.

ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. त्या सगळ्या अंगाचा घाम कमी करतात. घाम हा शरीराचा कूलर आहे. भर उन्हात शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याने तो बंद पाडला तर उष्माघाताचा धोका वाढतो. तोंड कोरडे पडणे, लघवी अडणे हेही त्रास होतात.

घाम मोठेपणी अचानक सुरू झाला, रात्री अंथरूण भिजते, वजन घटते किंवा छाती धडधडते, तर आधी थायरॉईड, साखर, क्षयरोग यांच्या तपासण्या करा.

अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय किंवा अमरावतीचे पीडीएमसी येथील त्वचारोग विभागात दाखवा. प्रत्येक उपायाला काही आठवडे नीट संधी द्या. एवढे करूनही शिक्षण किंवा रोजगार अडत असेल, तर ऑपरेशनचा विचार जरूर करा, पण सर्जनला आधी विचारा, "उन्हाळ्यात माझ्या पाठीचे काय होईल?"