अस्सल, नक्कल आणि अनुमती

गेल्या पंधरवड्यात आमच्या घरी एका वाद्यावरून बराच वाद झाला. महाविद्यालयात जाणाऱ्या नातवाला बास गिटार हवी आहे. ज्या अमेरिकन वाद्यावर त्याचा जीव जडला आहे, त्याची किंमत ऐकून त्याच्या वडिलांनी कानांवर हात ठेवले. तेव्हा त्याच घराण्याच्या नावाने निघणारी स्वस्त आवृत्ती त्याने पुढे केली. त्यावर चिरंजीव म्हणाले, "घ्यायचं तर अस्सल घ्यावं. नकलेवर पैसे कशाला घालवायचे?" प्रकरण निवाड्यासाठी माझ्याकडे आले. निवाडा देण्यापूर्वी चार गोष्टी समजून घेतल्या. त्या वाचकांपुढेही ठेवतो, कारण 'अस्सल' हा शब्द आपल्या जुन्या घरांतून फार सहज उच्चारला जातो.

बास गिटारीचा इतिहास फार जुना नाही. पूर्वी खर्जाचे काम माणसाएवढ्या उंचीच्या डबल बासकडे असे. तो वाहून नेणे कठीण, आणि इतर वाद्यांच्या गलबल्यात त्याचा आवाज बुडून जाई. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी 1951 साली गळ्यात अडकवून वाजविता येईल असा विजेवरचा बास बाजारात आणला. त्याच्या दांडीवर पडदे बसविल्यामुळे सूर अचूक लागे, म्हणूनच त्याचे नाव 'प्रिसिजन'. 1960 मध्ये त्याच कारखान्यातून 'जॅझ बास' निघाला. पुढे 1976 मध्ये 'म्युझिक मॅन' या दुसऱ्या कंपनीसाठी फेंडर यांच्याच हातून 'स्टिंगरे' घडला. आज जगात वाजणाऱ्या बहुतेक बास गिटारींवर या तिघांपैकी कोणाची तरी छाप दिसते.

कीर्ती झाली की नकला निघतातच. 1965 साली फेंडर यांनी आपला कारखाना सीबीएस या मोठ्या कंपनीला 1 कोटी 30 लक्ष डॉलर्सना विकला. त्यानंतरच्या काळात वादकांच्या तक्रारी वाढत गेल्या. उलट जपानी कारागीर ज्या नकला करीत होते, त्यांचा दर्जा वर्षागणिक सुधारत गेला. अखेर मालकांना शहाणपण सुचले. नकलाकारांशी नुसते भांडत बसण्यापेक्षा त्यांनी जपानातच भागीदारी केली, आणि 1982 मध्ये मात्सुमोतो येथील फुजीगेन कारखान्यातून 'स्क्वायर' नावाची वाद्ये बाहेर पडू लागली. हे नाव तारा बनविणाऱ्या एका जुन्या अमेरिकन पेढीचे. फेंडरने ती पेढी 1965 मध्येच घेतली होती. त्या पहिल्या जपानी स्क्वायर बासांसाठी आज शौकीन लोक शोध घेत हिंडतात.

यातील एक बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आरंभीच्या काही वाद्यांच्या माथ्यावर 'फेंडर' मोठ्या अक्षरांत आणि 'स्क्वायर' लहान अक्षरांत होते. लवकरच क्रम उलटला: 'स्क्वायर' मोठे, फेंडरचा उल्लेख लहान. स्टिंगरेचेही तसेच. आज त्याची अधिकृत स्वस्त आवृत्ती 'स्टर्लिंग' या नावाने बहुतांशी इंडोनेशियात तयार होते आणि मूळ वाद्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात, कधी त्याहूनही कमी किमतीत मिळते. आपण कोण आणि कोणाच्या अनुमतीने आलो, हे ते वाद्य कपाळावरच लिहून सांगते. अनुमतीवाचून मूळ नाव चिकटवून विकले जाणारे वाद्य मात्र खोटे बोलते. नक्कल आणि अनुमत आवृत्ती यांत हा फरक आहे, आणि तो मोठा आहे.

आपल्या वडोदऱ्याला तरी हे नवे वाटू नये. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यात आहेत. पण सामान्यांच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या त्याने 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातून. आपल्या आज्यांनी त्या चित्रांना हात जोडताना "ही अस्सल नाही" अशी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

तरीही आंधळा विश्वास नको. किंमत उतरते ती कुठेतरी काटकसर केल्यामुळेच: लाकूड हलके, खुंट्या साध्या, आतील विजेची जुळणी स्वस्त, आणि शेवटचा हात फिरविण्यास वेळ थोडा. तेव्हा सतार घेताना पाहतो तसे पाहून घ्यावे. दांडी वाकलेली नाही ना, पडद्यांची टोके बोटांना टोचत नाहीत ना, एखाद्या पडद्यावर तार झणझणत नाही ना, लावलेला सूर टिकतो ना? जाणत्या कारागिराकडून घोडी आणि तारांची उंची जुळवून घेतली, की पुष्कळ दोष निवारतात. शिवाय हे वाद्य ध्वनिवर्धकाशिवाय घरातसुद्धा धड ऐकू येत नाही. सारे पैसे नावात घातले तर त्याला आणि शिक्षकाला काय उरणार?

माझे वडील म्हणत, सतार घ्यायची तर मिरजेची, नाहीतर नकोच. मी शाळेत असताना ठरलेली ती सतार नोकरी लागेपर्यंत आली नाही. आणि नंतर बोटे वळेनात, वेळही मिळेना. वडिलांचा आग्रह चांगल्या वस्तूचाच होता, यात शंका नाही. पण शिकण्याचे वय अस्सलाची वाट पाहत थांबत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नाही, आणि बोलून दाखविण्याचे धैर्य मला झाले नाही.

म्हणून निवाडा नातवाच्या बाजूने दिला आहे. वाद्य अनुमतीचे असावे, पारखून घ्यावे, आणि उरलेल्या पैशांत वर्षभराची शिकवणी लावावी. वर्षानंतरही तो रोज वाजवीत असेल, तर मोठ्या वाद्याचा विचार खुशाल करावा. चिरंजीव अजून पुरते राजी नाहीत. पण रविवारी दुकानात आमच्याबरोबर यायला ते तयार झाले आहेत.