प्रथिन मोजता, बाईचं आयुष्य कोण मोजणार?

ल्यूपस झालेल्या दर दहाजणांत नऊ बायका असतात, त्याही बहुधा ऐन तारुण्यातल्या. शरीराची संरक्षणयंत्रणा शरीरावरच उलटते आणि कित्येकींची मूत्रपिंडं खराब होतात. म्हणजे त्यावरच्या नव्या औषधाची चाचणी ही मुख्यतः बाईच्याच शरीरावर होणार. मग त्या चाचणीत बाईचे प्रश्न कुठे असतात?

रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करताना बायका मला हमखास विचारतात, ‘‘पाळी जाईल का? मूल होईल ना?’’ चाचणीचा मुख्य निकाल मात्र लघवीतलं प्रथिन आणि मूत्रपिंडाचं काम यांवर ठरतो. ते मोजायलाच हवं. पण तेवढंच पुरे?

सायक्लोफॉस्फमाइडनं अनेकींची मूत्रपिंडं वाचवली, पण जास्त मात्रेत ते बीजांडकोश निकामी करू शकतं. ‘कमी औषधात भागेल का?’ असं युरोपातल्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं. २००२ साली निष्कर्ष आला : दर पंधरवड्याला ५०० मिलिग्रॅम, असे सहा डोस, म्हणजे एकूण ३ ग्रॅम. त्या रुग्णांत गुण जास्त मात्रेइतकाच आला. प्रश्न विचारला म्हणून उत्तर मिळालं! पण जुनं, स्वस्त औषध कमी वापरा, हे सांगण्यात कुठल्या कंपनीला नफा?

व्हॉक्लोस्पोरिन या नव्या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची मुख्य चाचणी ५२ आठवड्यांची होती. पंचविशीतल्या बाईपुढे आयुष्य पडलेलं असतं, त्याचं काय? अशा चाचण्यांत गर्भ राहू न देण्याची अट असते. बाळाला अपाय होऊ नये म्हणून ती योग्यच. पण त्या अटीपायी सासरचे टोमणे तिनं एकटीनंच सोसायचे का?

‘अटी वाढवाल तर संशोधनच थांबेल’, असं आपल्याला ऐकवलं जातं. मैत्रिणींनो, आपला विरोध संशोधनाला नाही, बाईला गृहीत धरण्याला आहे. २०१९ च्या नियमांनी समजेल अशा भाषेत माहिती, इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई हे हक्क दिले आहेत. संमतीची सही तिचीच, नवऱ्याची नव्हे. हे तिला सही करण्याआधी कळलंच पाहिजे.

आणि आपली मागणी त्यापुढची आहे. पाळी, गर्भधारणा, थकवा यांची नोंद मुख्य निकालात घ्या. चाचणी संपल्यावरही वर्षानुवर्षं विचारपूस करा. गुण आलेलं औषध तिला परवडेल अशा किमतीत द्या. जिच्या शरीरावर औषध सिद्ध होतं, तिलाच ते दुकानातून परत करावं लागत असेल, तर त्या संशोधनाला यशस्वी कोणत्या तोंडानं म्हणायचं?